गरुडनौकेचा आवाज येतो कधी?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पवनी तालुक्यातल्या एका गावचा. बारावी झाली, आता दिवसा बाबांसोबत धानाचं काम अन् रात्री चित्रं. मी ४८ पानांची चित्रकथा काढून राह्यलो. मोहफुलं वेचाच्या दिवसांत वैनगंगेकाठच्या एका गावावर मोठं हवाई जहाज (विमान नाही, हलक्या वायूवर तरंगते ते) येते, त्याचं नाव गरुडनौका. पहिली आठ पानं सोबत पाठवली आहेत. मित्र म्हणतात, जहाज मस्त दिसते, पण भेव नाही वाटत. मी तर जहाज दिसलं तिथं तिथं 'धूऽऽम' लिहिलं आहे, पान ५ वर सात वेळा. हवाई जहाजाचा आवाज कसा असते? अन् तो कुठं टाकू?
— एक चित्रकार वाचक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : तुझी पानं मी तीनदा पाहिली. एकदा नुसती चित्रं. दुसऱ्यांदा सगळे आवाज मोठ्यानं वाचत. तिसऱ्यांदा प्रत्येक 'धूऽऽम'वर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली आणि पुन्हा पानं उलटली. त्या तिसऱ्या वेळी मला भेव वाटलं. आजी मोहाच्या झाडाखाली वाकलेली, टोपली अर्धी भरलेली, आणि तिच्या पाठीमागच्या आभाळात ते एवढं मोठं पोट, एकही अक्षर नसलेलं. तुझ्या चित्रात दहशत आहेच रे. तुझ्या आवाजांनी ती झाकली आहे.

माझे वडील झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांत विंगेत उभे राहून पत्रा हलवायचे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत त्यांची रात्र अशीच जायची. दिवसा गावात शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. वादळाचा प्रवेश आला की एक पोरगा दिव्याची उघडझाप करून वीज पाडायचा आणि वडील पत्र्यानं गडगडाट करायचे. मी दहा वर्षांची असताना एका रात्री त्यांना ताप होता, म्हणून पत्रा माझ्या हातात आला. दिवा लागला आणि मी त्याच क्षणी जीव खाऊन पत्रा हलवला. मंडपात कोणी मान वळवली नाही, एक बाई पोराला पाजत होती ती पाजतच राहिली. दुसऱ्या विजेला वडिलांनी माझं मनगट धरलं. दिवा चमकला. त्यांनी माझ्या कानात मोजलं, एक, दोन, तीन, आणि मग हात सोडला. त्या तीन अंकांत अख्खा मंडप श्वास धरून बसला होता, ते मला विंगेतून दिसलं. ते एवढंच म्हणाले, "लोकाइले वाट पाहू दे, मंग पत्रा."

पुढे शाळेत शिकले तेव्हा त्या तीन अंकांचा हिशेब कळला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरून यायला त्याला तीन सेकंद लागतात. उजेड मात्र लगेच पोचतो. वडील एक किलोमीटरवरची वीज पाडत होते. तुझ्या पानांवर पाहणं आणि ऐकणं एकाच वेळी घडतं, माझ्या त्या पहिल्या रात्रीसारखं.

म्हणून आवाज लिहिण्याआधी हे ठरव की तो कोण ऐकतंय आणि जहाजापासून किती दूर उभं राहून. तुझ्या कथेत ऐकणारी आजी आहे. ती तलावाच्या पाळीखाली आहे. जहाज किती उंचीवर? समज ३०० मीटर. म्हणजे तिथं जे काही घडेल ते आजीला जवळजवळ एक सेकंद उशिरा ऐकू येईल. तो एक सेकंद म्हणजे तुझ्या पानावरची एक अरुंद, उभी, आवाज नसलेली चौकट.

आता जहाजाच्या खऱ्या आवाजाबद्दल. 'धूम' हा तोफेचा किंवा सुतळी बॉम्बचा आवाज, हवाई जहाजाचा नाही. विमानाला उडायला धावपट्टीवर गर्जत जावं लागतं. हवाई जहाज हलक्या वायूनं भरलेलं असल्यामुळे ते तरंगतं. उड्डाणाच्या वेळी वजन जुळवायचं, टाक्यांतलं पाणी खाली सोडायचं, खाली दोर धरून उभी असलेली माणसं दोर सोडतात आणि ते आपोआप वर जातं. पहिला आवाज पाण्याचा. भळाभळा पाणी, मग दोरांचं सुर्र, आणि मग काहीच नाही. एवढी अवाढव्य वस्तू आवाज न करता जमीन सोडते, यासारखा भयंकर प्रसंग तुला पुन्हा मिळणार नाही, आणि पान ८ वर तू तिथं 'धडाडधूम' लिहिलं आहेस. ते आधी खोड.

ते इंजिन बंद करून वाऱ्यावर वाहतही येऊ शकतं. तुझी गरुडनौका तशीच येऊ दे.

मग आवाज कुठून काढायचे? जहाजाच्या अंगातून. जर्मनीचं 'हिंडेनबर्ग' घे, ते १९३७ साली अमेरिकेत उतरताना जळालं. त्याची लांबी २४५ मीटर. आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून मी एवढं अंतर चालते तेव्हा तीन मिनिटं लागतात. त्याचा सांगाडा हलक्या धातूचा, वरचं आवरण लेप दिलेल्या सुती कापडाचं, आणि बाहेर टांगलेली चार डिझेल इंजिनं. म्हणजे सांगाडा ताणला की करकर, दोरांची कुरकुर, ताणलेल्या कापडावर पाऊस पडला की तडतड, वायू सोडला की फुस्सऽऽ, पंखा सुरू होताना आधी खट्, खट्, मग घर्रर्र. हे जहाज ताशी १२० किलोमीटर वेगानं डोक्यावरून गेलं तरी नाकापासून शेपटीपर्यंत जायला सात सेकंद लागतील. सात सेकंद आजीच्या अंगावर सावली! वाहत आलं तर कितीतरी जास्त. ही सावली तू एका कोपऱ्यातल्या चौकटीत संपवली आहेस, तिला निदान तीन चौकटी दे.

(आपल्याकडे असं जहाज येता येता राहिलं, हे तुला माहीत असावं. इंग्रजांचं 'आर १०१' ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीला यायला निघालं होतं. कराचीत त्याच्यासाठी प्रचंड शेड बांधून ठेवली होती. ते फ्रान्समध्येच कोसळलं, ४८ माणसं गेली. त्या रिकाम्या शेडखाली वाट पाहणाऱ्या माणसांवर कोणीतरी चित्रकथा काढावी असं मला फार दिवसांपासून वाटतं.)

दूरचा आणि जवळचा आवाज वेगळ्या अक्षरांनी लिही. हवा बारीक, तीक्ष्ण आवाज वाटेतच खाऊन टाकते. खर्जातला आवाज दूरवर पोचतो. त्यात थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, तेव्हा आवाज खाली वाकतो आणि नेहमीपेक्षा लांब ऐकू येतो. पौषात वडशाच्या आगगाडीचा भोंगा आमच्या अंगणात यायचा, तोच उन्हाळ्याच्या दुपारी कधी यायचा नाही. तेव्हा जहाज दूर असताना घ, भ, म आणि ऊकार वापर: 'घूंऽऽ', 'भूंऽऽ', पातळ शाईत, क्षितिजाला चिकटून. जवळ आलं की ट, ठ, क, फ येऊ देत: खट्, करकर, फडफड. वाचणाऱ्याला कोणी सांगावं लागणार नाही की जहाज जवळ आलं, त्याच्या जिभेलाच ते कळेल.

आणि मराठीकडे किती मोठं भांडवल आहे ते बघ. 'धाडकन' म्हटलं की गोष्ट एकदाच झाली आणि संपली. 'धडधड' म्हटलं की ती चालू आहे. 'धडाड' म्हटलं की सुरुवात झाली आणि शेवट अजून यायचा आहे. आपल्या आवाजाच्या शब्दांतच वेळ भरलेली आहे. दोर तुटला तर 'फाटकन', एका चौकटीत. पंखा फिरत राहिला तर 'घरघर' तीन चौकटींच्या मागून सलग जाऊ दे, मधल्या पांढऱ्या पट्ट्याही ओलांडू दे. आणि अवग्रह मोजून टाक. तू 'धूऽऽम'मध्ये कुठं दोन, कुठं पाच ऽ टाकले आहेत, मनाला येईल तसे. माझ्यापुरता नियम असा की एक ऽ म्हणजे एक मात्रा, टाळी देऊन म्हणून पाहायचं आणि मगच शाई.

आता पानांची मांडणी, कारण सगळ्यात मोठी चूक तिथं आहे. जहाज पूर्ण दिसतं ते पान ५ वर. पान ५ उजवीकडचं. वाचक ४ आणि ५ ही जोडी उघडतो तेव्हा त्याची नजर आधी मोठ्या चित्रावर जाते. म्हणजे पान ४ वर तू आजीला जी शंका आणली आहेस ती वाचण्याआधीच उत्तर डोळ्यांसमोर. मोठं दर्शन नेहमी पान उलटल्यावर, डाव्या बाजूला, सम आकड्याच्या पानावर. ते पान ६ वर ने.

पान ५ मी असं काढलं असतं. पहाट, आजी वाकलेली, मोहफूल पडतं: 'टप्'. तीच चौकट, पुन्हा 'टप् टप्'. तिसरीत तीच जागा, फूल हवेत आहे, आवाज नाही, आणि कुत्र्यानं कान उभे केले आहेत. चौथीत तलावावरचे बगळे उठले, त्यांच्या पंखांचाही आवाज लिहू नकोस. तळाशी उजव्या कोपऱ्यात, जिथं वाचकाचा अंगठा असतो, तिथं फक्त टोपली आणि तिच्यावर सरकत आलेली सावलीची कड. आता तो पान उलटतो. पान ६ पूर्ण जहाज, एक अक्षर नाही. पान ७ च्या वर अरुंद चौकट: दूर वर पंख्याचं पातं हललं, आजी बघते आहे, निःशब्द. तो तुझा एक सेकंद. आणि त्याखाली पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत 'खट्… खट्… घर्रर्रर्र', आजीच्या पदराला मागे ढकलत.

'टप्' लहान काढलास तरच 'घर्रर्र' मोठं वाटेल. मोहफुलाचा आवाज मी मुद्दाम आधी घेतला आहे. तुझ्या गावच्या माणसाला तो आवाज थांबला की काहीतरी चुकलंय हे आपोआप कळतं.

प्रश्न : आवाजाची अक्षरं संगणकावर टाइप करावीत की हातानं काढावीत? आमच्या शाळेतली मुलं भित्तिपत्रकासाठी चित्रकथा करतात, त्यांना काय सांगू?
— एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, फुग्यातले संवाद टाइप केले तरी चालतील. आवाज मात्र हातानं. टाइप केलेली अक्षरं ताणून मोकळी केली की शिरोरेषा तुटते, आणि काही ठिकाणी जोडाक्षरांचा पाय मोडून सुटा पडतो. 'घर्रर्र'चं मग काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. शिरोरेषा ही आपल्या लिपीची दोरी आहे. मुलांना आधी नुसती रेषा काढायला सांगा: जहाज सुसाट जात असेल तर ताठ, वाऱ्यावर डोलत असेल तर लाटेसारखी, काही कोसळत असेल तर मध्येच तुटलेली. मग त्या रेषेखाली अक्षरं टांगायची. तुमच्याकडच्या मुलांच्या आजोबांना यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे आठवत असेल, १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. मुलांना आजोबांकडून तिचा आवाज तोंडानं काढून घ्यायला सांगा आणि कानावर पडेल तसा लिहायला लावा. प्रत्येक घरातून वेगळी अक्षरं येतील. ती सगळी भित्तिपत्रकावर लावा, कोणाचीही दुरुस्त करू नका.

आणि पवनीच्या माझ्या चित्रकारा, ५, ६ आणि ७ ही तीन पानं नुसत्या पेन्सिलीत काढून पाठव. शाई घालू नकोस. आवाज वेगळ्या पातळ कागदावर लिहून वर चिकटव, म्हणजे मला ते उचलून खालचं चित्र पाहता येईल.