वाचक विचारतात : 'यू. एस. नेव्ही' लिहिलेलं पिस्तूल, घ्यावं का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. आमच्या शेजारच्या आजींचे सासरे पहिल्या महायुद्धात अमेरिकन नेव्हीत होते, त्यांचं कोल्टचं पिस्तूल आजींना विकायचंय. उजव्या बाजूला 'मॉडेल ऑफ 1911 यू. एस. नेव्ही' असं कोरलंय, सोबत कोल्ट कंपनीचं एक पत्र पण आहे आणि पिस्तूल अगदी नव्यासारखं चकाचक आहे. मला जुन्या वस्तूंची आवड आहे. खरं असेल का, आणि घेऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रातला 'चकाचक' हा शब्द वाचला आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. का ते सांगतो.

आधी थोडं मागचं. फिलिपिन्समध्ये लढताना अमेरिकन लोकांना कळलं की त्यांच्या पॉइंट थर्टी-एटच्या (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचात) रिव्हॉल्व्हरने समोरचा माणूस थांबत नाही, म्हणून मोठ्या गोळीचा शोध सुरू झाला आणि जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं, कोल्टने बनवलेलं हे पॉइंट फॉर्टी-फाइव्हचं पिस्तूल मार्च 1911 मधे पास झालं. टेस्टमधे 6,000 गोळ्या झाडल्या, पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवून गार करायचे आणि परत सुरू, तरी एकदाही अडकलं नाही म्हणतात. 1912 पासून माल जायला लागला, पहिले 500 नग आर्मीचे, 501 ते 1000 नेव्हीचे. नेव्हीच्या मालावर वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, आर्मीऐवजी नेव्ही असा शिक्का मारायचे, आणि असे नग सगळे मिळून साधारण 31,000 च्या आसपास निघाले. बाकी लाखो नगांवर आर्मी, म्हणून संग्राहक या नेव्हीवाल्यावर जीव टाकतात आणि म्हणूनच खोटे पण याचेच जास्त निघतात.

आता जहाजावर काय असतं, खारी हवा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, खिडकीचे गज चार पावसाळ्यात कसे होतात ते माहितीये. या पिस्तुलांचं तेच झालं, जहाजावर राहिलेल्या बऱ्याच नगांवर गंजाचे बारीक खड्डे असतात आणि मूळ निळी झिलई कडांवरून उडून राखाडी झालेली असते. त्यामुळे शंभर वर्षांचं, नेव्हीत नोकरी केलेलं आणि वर चकाचक म्हटलं तर बहुतेक वेळा कोणीतरी ते घासून पॉलिश करून परत निळं केलेलं असतं. अक्षरं भिंगाखाली बघा. मूळ शिक्क्याच्या कडा बोटाला लागतील इतक्या धारदार असतात, पॉलिश मारलेल्या नगावर त्या अर्ध्या वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारख्या विरघळून गेलेल्या दिसतात. मी एका गन शोमधे असाच एक हातात घेतला होता, विकणारा भारी गोष्ट सांगत होता, व्हेराक्रूझ 1914 वगैरे (मेक्सिकोतलं बंदर, तिथे अमेरिकन नेव्हीचे लोक उतरले होते हे खरंच), आणि 'नेव्ही'चा शेवटचा वाय जवळजवळ पुसलेला! मी नमस्कार करून पुढच्या टेबलवर.

पत्राचं म्हणाल तर ते महत्त्वाचं आहे, पण काय सिद्ध होतं ते नीट समजून घ्या. तुम्ही सिरियल नंबर दिला की कंपनी जुन्या वह्या बघून सांगते की हा नंबर अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, उदाहरणार्थ ब्रुकलिनच्या नेव्ही यार्डला, इतक्या नगांच्या लॉटमधे पाठवला. झालं, एवढंच! कुठल्या जहाजावर गेला, कोणाच्या कमरेला होता, यातलं काही त्यात नसतं. आणि मुख्य मेख इथे आहे की नंबर असतो खालच्या फ्रेमवर, आणि त्या काळातल्या स्लाइडवर नंबर टाकतच नसत. म्हणजे पत्र फक्त खालच्या अर्ध्या भागाबद्दल बोलतं. नंतर सरकारी कारखान्यात दुरुस्तीला गेलेल्या पिस्तुलांचे पार्ट ढिगातून उचलून एकमेकांना लावले गेले, त्यामुळे नेव्हीची स्लाइड आर्मीच्या फ्रेमवर आणि उलट, असं सर्रास सापडतं. पण कोल्टच्या पत्रात नेव्ही यार्ड, स्लाइड पण नेव्हीची, स्लाइड आणि फ्रेमची झीज सारखी, आणि सोबत खाली दोरी अडकवायची कडी असलेलं जुनं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, असं सगळं जुळलं तर मात्र भाव काही हजार डॉलरच्या घरात जातो आणि तो योग्यच असतो.

अजून एक, फ्रेमवर 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' लिहिलेलं असेल. 1960 च्या दशकात सरकारने अशी बरीच पिस्तुलं नागरिकांना रीतसर विकली, तसा कागद कुटुंबाकडे असेल तर आजींना शोधायला सांगा, मला तो कोल्टच्या पत्राइतकाच मोलाचा वाटतो. सासऱ्यांचे नेव्हीतले कागद मिळाले तर बघा, पण त्यात पिस्तुलाचा नंबर नसेल तर ती गोष्ट छान आहे इतकंच.

आणि आता तुम्हाला न आवडणारं. एच-वन-बी वर असताना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर. पिस्तूल पन्नास वर्षांपेक्षा जुनं आणि 'क्युरिओ', म्हणजे संग्रहाची जुनी वस्तू, म्हणून गणलं जात असलं तरी त्यातून ही सूट मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घेऊन तुमच्या कपाटात ठेवू हा विचार डोक्यात आला असेल (येतोच!) तर तो आत्ताच काढून टाका, दुसऱ्यासाठी आपल्या नावावर खरेदी करणं हा वेगळा गुन्हा आहे. ग्रीन कार्ड झालं तरी न्यू जर्सीत पिस्तुलासाठी आधी पोलिसांकडून परमिट काढावं लागतं. तोपर्यंत आजींना एखाद्या लायसन्सवाल्या डीलरकडून तपासून घ्यायला सांगा आणि त्यांना म्हणावं, तोवर फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नका.

प्रश्न : माझ्या मुलाकडे अमेरिकेत असंच एक आहे. येताना पुण्याला शोपीस म्हणून आणता येईल का?

उत्तर : नाही हो. आपल्याकडे हा प्रतिबंधित बोर आहे, म्हणजे या मापाच्या गोळीचं पिस्तूल मनाई असलेल्या यादीत येतं, साधं लायसन्स असलं तरी चालत नाही. एअरपोर्टवर 'शोपीस आहे' म्हणून कोणी ऐकणार नाही, मुलगा आत जाईल. फोटो फ्रेम करून लावा.

प्रश्न : आमच्या आजीचं शिवणयंत्र सिंगरचं आहे. सिंगरने पिस्तुलं पण बनवली होती असं भाचा म्हणतो. थापा मारतोय ना?

उत्तर : भाचा बरोबर आहे! अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरायच्या तोंडावर तिथल्या सरकारने सिंगरला हेच 1911 चं सुधारलेलं मॉडेल बनवायची ऑर्डर दिली, मोठ्या प्रमाणात बनवता येतं का ते शिकायला, फक्त 500 नग. नंबर एस 800001 ते एस 800500. नंतर हे काम सिंगरकडे राहिलं नाही, आणि गंमत म्हणजे युद्धात सगळ्यात जास्त बनवली ती रेमिंग्टन रँडने, म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी, जवळजवळ 9 लाख. सिंगरचे 500 इतके दुर्मिळ की त्याचे खोटे शिक्के नेव्हीपेक्षा जास्त मारले जात असतील असं मला वाटतं. आजीच्या मशीनचा नंबर पण बघून ठेवा, त्यावरून ते कधी बनलं ते शोधता येतं, आणि त्याला लायसन्स लागत नाही.