'भारतीय बनावटीची' युद्धनौका: बनावट की बांधणी?

देवगडहून एका वाचकाने विचारलं आहे: 'बनावट' म्हणजे खोटं, मग बातम्यांत 'भारतीय बनावटीची युद्धनौका' कसं चालतं? आणि करार परदेशी कंपनीशी, पण जहाज मुंबईत तयार झालेलं, तर ते कुठल्या बनावटीचं म्हणायचं?

पहिलं सोपं आहे. 'बनावट' विशेषण म्हणून आलं की खोटं: बनावट नोट, बनावट सही. 'बनावटीचा-ची-चं' झालं की घडण. गावठी बनावटीच्या पिस्तुलातून खरीच गोळी सुटते. तेव्हा प्रयोग शुद्ध आहे.

दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथे हा शब्द अपुरा पडतो. आराखडा कोणाचा आणि जहाज बांधलं कुठे, हे दोन्ही तो एकत्र करून टाकतो. एकाच रशियन आराखड्याच्या चार नौकांपैकी दोन रशियात बांधून घ्यायच्या आणि दोन गोवा शिपयार्डमध्ये, असं ठरलं. त्यांतली 'तमाल' १ जुलै २०२५ रोजी कालिनिनग्राडला नौदलात दाखल झाली, तर 'त्रिपुट'चं जलावतरण २३ जुलै २०२४ रोजी गोव्यात झालं. या सख्ख्या बहिणींपैकी एक रशियन बनावटीची आणि दुसरी भारतीय? 'कलवरी' पाणबुडीचंही तेच: आराखडा आणि तंत्रज्ञान फ्रेंच कंपनीचं, बांधणी माझगाव डॉकची. २०२५ साली दाखल झालेल्या 'सुरत' आणि 'निलगिरी' यांचा मात्र आराखडाही नौदलाचाच. 'भारतीय बनावटीची' हे बिरुद मी निःशंकपणे अशाच नौकांना देईन.

बाकीच्यांसाठी 'बांधणे' हे आपलं जुनं क्रियापद वापरावं. होडी असो वा विनाशिका, मराठीत ती बांधतात. 'बनवतात' हे मला हिंदी वळणाचं वाटतं. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमार बांधायला घेतलं तेव्हा रुई लैताव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होता. उलट बाजूने, इंग्रजांच्या नौदलाची 'ट्रिंकोमली' १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधली. हुकूम लंडनचा, हात मुंबईचे. ती अजून इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. 'इंग्रजी बनावटीची' म्हटलं तर वाडिया त्यातून नाहीसेच होतात.

म्हणून बातमीत 'तमाल'ला 'रशियात बांधलेली' आणि 'कलवरी'ला 'फ्रेंच आराखड्याची, मुंबईत बांधलेली' असं लिहावं. दोन शब्द जास्त जातात, ते जाऊ द्यावेत.