एनर्जीची बाटली आणि वरच्या काकूंचा डबा

प्रिय ओवी,

शनिवारी दुकानात रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशिनमध्ये सरकवताना तू विचारलंस, "आई, आजी म्हणाली रिकामं भांडं कधी परत द्यायचं नसतं. वरच्या काकूंच्या डब्यात तिने शंकरपाळे घातले. मग तू लहानपणी ती चॉकलेटच्या दुधाची बाटली परत द्यायचीस, त्यात काय घालायचीस?" मागे रांग होती, म्हणून घरी गेल्यावर सांगते म्हणाले आणि ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. रविवारी आजीला फोनवर वाचून दाखव. अडशील तिथे ती सांगेल.

आधी डब्याचं. आमच्या ठाण्याच्या घरी शेजारून वाटीभर डाळिंब्यांची उसळ आली की ती वाटी घासूनपुसून ओट्यावर उभी राहायची. मग आजी बघायची, घरात काय आहे. लाडू असला तर लाडू, चिवडा असला तर चिवडा. महिनाअखेर असली तर चमचाभर साखर. पण मोकळी वाटी कुणाच्या दारात न्यायची नाही. देणाऱ्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, एवढंच त्यामागे आहे.

आता बाटली. तिचं नाव एनर्जी. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, शेवटी दोन 'ई' असलेलं, आणि शाळेत मी ते स्पेलिंग तसंच लिहून आले होते. ती आरेची. गोरेगावला आरेची मोठी दूध वसाहत आहे. मुंबईत पूर्वी वस्तीत, गल्लीबोळात म्हशींचे गोठे होते. ते शहराबाहेर हलवून म्हशी एका जागी ठेवायच्या, दूध स्वच्छ काढायचं आणि बाटलीत भरून घरोघर पोचवायचं, हे काम दारा खुरोडी यांनी उभं केलं. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ मध्ये वसाहतीचं उद्घाटन झालं. म्हशीचं दूध दाट. त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून फॅट कमी करायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरांचं भागतं आणि स्वस्तही पडतं. ते टोन्ड दूध त्यांनीच मुंबईत आणलं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना अमूलच्या वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मिळाला. अमूलचं नाव तुला माहीत आहे, खुरोडींचं नाही. पण सकाळी दूध केंद्रावर रांगेत उभं राहून ज्या घरांनी दूध आणलं, त्या घरांत त्यांचं नाव राहायला हवं.

त्या केंद्रावर जायचं म्हणजे एका हातात दुधाचं कार्ड, दुसऱ्या हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी. रिकामी दिली तरच भरलेली मिळायची. आदल्या रात्री आजी बाटल्या विसळून पालथ्या घालायची. आजही ती इथे परदेशात आली की प्रत्येक बाटली विसळते, ते तेव्हापासूनचं.

एनर्जी मात्र घरी येत नसे. ती स्टेशनवर मिळायची, आरेच्या स्टॉलवर. शनिवारी दुपारी आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, मला आणि मामाला दादरला न्यायचे. वह्या, चपला, कुणाच्या लग्नाचा आहेर, काहीतरी काम असायचंच. परत निघताना फलाटावर एक बाटली. दोघांत एक. पिस्ता असायचा, वेलची असायची, मामा वेलचीसाठी हट्ट करायचा, आणि मी चॉकलेटसाठी रडायची तयारी ठेवून यायचे.

ती बाटली मला अजून दिसते. काच जाड, बाहेरून पाण्याचे थेंब. कोको तळाला बसलेला, वर दूध फिकट. स्टॉलवाले काका मानेशी धरून ती दोनदा उलटीसुलटी करायचे, तेव्हा तळातून तपकिरी धूर निघाल्यासारखा वर चढायचा आणि सगळी बाटली एका रंगाची व्हायची. मग काउंटरला ठोकलेल्या ओपनरवर पत्र्याचं बूच टक्कन उडायचं. दोन स्ट्रॉ. मामा बाटलीवर बरोबर निम्म्यावर बोट ठेवायचा आणि मी पिताना ते बोट हळूहळू खाली सरकतंय का, यावर लक्ष ठेवायचे. चव इथल्या कोकोसारखी दाट नव्हती. दूध पातळ, गोड, आणि शेवटच्या घोटाला जिभेवर कोकोची थोडी भुकटी लागायची. तो शेवटचा घोट कुणाचा, यावरून आमचं भांडण. ते मिटवायला आप्पा म्हणायचे, "आज ताईचा, पुढच्या शनिवारी तुझा," आणि त्यांच्या ते पक्कं लक्षात असायचं.

बाटली स्टॉलची होती, म्हणून ती घेऊन गाडीत चढता यायचं नाही. तिथेच उभं राहून प्यायची आणि काउंटरवर ठेवायची. आणि आप्पा तर कधी लोकल न सोडणारे. ऑफिसला जाताना गाडी फलाटात शिरायच्या आत ते डब्याच्या जागेवर उभे असायचे. एकदा ठाणा लोकल लागली तेव्हा आमची बाटली निम्मीच झाली होती. मी घाईघाईने ओढायला लागले, ठसका लागला. आप्पांनी पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सावकाश पी. जाऊ दे ही." गाडी गेली. आम्ही तिघं तिथेच उभे, फलाट घटकाभर रिकामा. आप्पांच्या हातात पिशव्या होत्या आणि त्या त्यांनी खालीसुद्धा ठेवल्या नव्हत्या. त्यानंतर दर शनिवारी एक गाडी सुटायची, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

मग दुधाच्या पिशव्या आल्या, दुसऱ्या डेअऱ्या आल्या, आरेचं दूध कमी होत गेलं. केंद्रं बंद पडली, काचेच्या बाटल्या दिसेनाशा झाल्या. आमच्या फलाटावरच्या त्या स्टॉलवर एनर्जी मिळेना. मी कॉलेजात होते. एक दिवस विचारलं तर "येत नाही आता" एवढंच कळलं. घरी येऊन आप्पांना सांगितलं, तेव्हा ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "चॉकलेटचीसुद्धा नाही?" त्यांनी स्वतः ती कधी प्यायलेली मी पाहिली नव्हती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की बाटलीत मी काही घालत नव्हते. ती रिकामीच परत जायची, दोन चिकटलेले स्ट्रॉ तेवढे आत असायचे. पैसे आप्पांनी आधीच दिलेले असायचे आणि काका बाटली क्रेटमध्ये ठेवायचे. ती धुऊन, भरून पुन्हा कुणाकडे तरी जायची, म्हणून ती लवकर परत करणं हेच तिचं देणं होतं. आजीला विचारलंस तर ती म्हणेल, दुकानाचा हिशेब वेगळा आणि शेजाऱ्यांचा वेगळा. ते खरं आहे. इथे काचेच्या बाटलीसाठी आधी घेतलेले १५ सेंट मशिन मोजून परत देतं, तोही दुकानाचाच हिशेब. पण चव गेली त्यापेक्षा मला ते उभं राहणं गेल्याचं जास्त वाटतं. इथे आपण कोको बाटलीसकट गाडीत घेतो आणि तू मागच्या सीटवर पितेस, मी पुढे रस्त्याकडे बघत असते.

या शनिवारी आपण काचेच्या बाटलीतलं कोको घेऊ आणि दुकानाबाहेरच पिऊ. ट्राम आली तर जाऊ दे. घाई करायची नाही, आणि बाटली मी धरणार.

आणि हो, वरच्या काकूंनी काल डबा परत पाठवला, त्यात अक्रोड घालून. त्यांना कुणी सांगितलं, माहीत नाही, बहुतेक आजीने इथे असताना खुणेने. डबा ओट्यावर आहे, आपली पाळी आहे. शाळेतून आलीस की निळ्या डब्यातले चार बेसनाचे लाडू त्यात घाल आणि वर देऊन ये. तुझे दोन वेगळे ठेवलेत, ते यात घालू नकोस.

तुझी,
आई