पत्रकारिता शिकतेय, आवाजही चांगला आहे. पुण्यात रेडिओत करिअर होईल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहात, आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, बातमीदारी सोडायची नाही आणि वर्गातले बाकीचे टीव्ही, नाहीतर यूट्यूबकडे निघालेत. तुमचा आवाज आणि तुमची बातमीदारी, या दोघांचं आपल्याकडच्या रेडिओत फारसं पटत नाही. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. 2011 च्या धोरणात फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवण्याची मुभा मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षा, निकाल, प्रवेश, सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती 'बातमी' धरत नाहीत, म्हणून ती चालते. 2023 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, तासाला दहा मिनिटं बातम्यांना द्यावीत अशी शिफारस केली खरी, पण शिफारशीवर कुणाला नोकरी लागत नाही. त्यामुळे मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम यांच्याकडे आरजे, प्रोड्युसर, कॉपीरायटर आणि जाहिराती आणणारी सेल्सची माणसं दिसतील. वार्ताहर दिसणार नाही. मी रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारिता शिकत असताना हे कुणीतरी शिकवलंही असेल, माझं लक्ष वडापावकडे असावं.

नंतर एका खासगी स्टेशनवर मी कॉपीरायटर म्हणून तीन वर्षं काढली. साड्यांची दुकानं, बिल्डर आणि क्लासेसच्या वीस-वीस सेकंदांच्या जाहिराती लिहिल्या. काम हलकं नव्हतं, एका सेकंदात किती मावतं ते तिथेच कळलं. पण जुलै 2024 ची ती सकाळ विसरत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि सिंहगड रस्त्यावर एकता नगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. आमचा आरजे दर दहा मिनिटांनी सांगत होता की अमुक पूल बंद आहे, तमुक रस्त्याने जाऊ नका. एवढं चालतं, ती वाहतुकीची माहिती. पण 'पाणी येतंय हे तुम्हाला आधी कळलं होतं का?' असं तिथल्या एका बाईंना फोन लावून विचारायचं म्हटलं, की ती बातमीदारी झाली. माइक समोर, ऐकणारे हजारो, आणि प्रश्न विचारायला बंदी. आम्ही पुढचं गाणं लावलं. काही महिन्यांनी खर्चकपात झाली, आमचा रात्रीचा शो गेला आणि त्यासोबत मीही गेलो. पण त्याची खंत त्या सकाळइतकी नाही.

तर बातमी आणि रेडिओ दोन्ही हवं असेल, तर आज आपल्याकडे दार एकच आहे, आकाशवाणी. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं. गीतरामायण इथूनच 1955-56 मध्ये वर्षभर प्रसारित झालं. पण तुमच्या कामाचं आहे ते सकाळी सात दहाचं प्रादेशिक बातमीपत्र. आमच्या घरी दुधाची पिशवी आणि ते बातमीपत्र एकाच वेळी यायचं. जून 2023 मध्ये पुण्याचा हा वृत्त विभाग बंद करायचा निर्णय झाला होता. लोकांनी, पत्रकारांनी आरडाओरडा केला तेव्हा तो थांबवला. हे मुद्दाम सांगतोय, कारण या दाराची कडी बाहेरून लागू शकते, हे ठाऊक असलेलं बरं.

आत शिरायचं ते नैमित्तिक म्हणून, ज्याला सगळे 'कॅज्युअल' म्हणतात. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, निवड झाली की प्रशिक्षण. बातम्यांसाठी वृत्तनिवेदक-भाषांतरकार वेगळे घेतात, तिथे इंग्रजी-हिंदीतून झरझर मराठी करता येणं आवाजापेक्षा जास्त मोलाचं. महिन्याला साधारण सहा ड्युट्या. त्या पैशांत सदाशिव पेठेत कॉटबेसिसवरही राहता येत नाही, म्हणून जोडीला दुसरं काही लागतंच. मी भाषांतरं करायचो, माझी एक सहकारी शाळेत शिकवायची.

पण मी शिकलो ते आकाशवाणीतच. माझा दुसराच आठवडा असेल. जलसंपदा विभागाचं पत्रक आलं होतं. तुम्ही ही भाषा रोज वाचत असाल: 'खडकवासला धरण पाणलोट क्षेत्रात सुरू असलेल्या संततधार पावसामुळे धरणातून मुठा नदीपात्रात करण्यात येत असलेल्या विसर्गात वाढ करण्यात येऊन तो अमुक हजार क्युसेक करण्यात आला आहे.' मी ते थोडं सुटसुटीत करून दिलं. एका ज्येष्ठ वृत्तनिवेदिकेने कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "डोळे मिट, मी वाचते." त्यांनी वाचलं. मग विचारलं, "काय कळलं?" मला 'विसर्ग' आठवत होता, आकडा निसटला होता. त्यांनी पेनने वर लिहिलं: 'भिडे पूल पाण्याखाली गेला आहे. नदीपात्रातला रस्ता बंद आहे. खडकवासला धरणातून पाणी वाढवलं आहे.' क्युसेकचा आकडा चौथ्या वाक्यात, एकदाच.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, हीच सगळी गोम आहे. छापील मजकुरात डोळा मागे जाऊन कर्ता शोधून आणतो. कानाला मागे जाता येत नाही. मधे तीन विशेषणं आणि दोन 'करण्यात येत असलेल्या' घुसवले, की भाजी चिरणारा माणूस वाक्याच्या शेवटापर्यंत पोचतच नाही. आकड्यांचंही तेच. कागदावर 59 आणि 69 यांत गोंधळ होत नाही, पण 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' ऐकून बघा, तेही बाजूला कुकरची शिट्टी होत असताना. मी एकदा थेट प्रसारणात हे उलटसुलट वाचलं. ड्युटी रूममध्ये आलेला पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा होता. पुण्यात असे मास्तर दर गल्लीत दोन आहेत.

आवाजाबद्दल थोडक्यात. तो चांगला आहे हे ठीक, पण त्याने फारसं काही ठरत नाही. 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च वेगळा निघतो का, 'ण' आणि 'न' शाबूत आहेत का, वाक्याच्या शेवटी श्वास संपतो का, हे बघतात. गंभीर आवाज काढायला जाऊ नका, चाचणी घेणाऱ्यांना तो पहिल्या शब्दात कळतो.

शिकत असताना मात्र मी तुमच्या जागी असतो तर आकाशवाणीच्या आधी कम्युनिटी रेडिओत गेलो असतो, म्हणजे विद्यापीठं, संस्था आपल्या परिसरापुरतं चालवतात त्या छोट्या केंद्रात. विद्यापीठाचं विद्यावाणी 107.4 वर आहे, एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं केंद्र 90.4 वर. बातम्यांचं बंधन तिथेही आहेच. पण निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार केलेला असावा असा नियम आहे, म्हणजे रेकॉर्डर घेऊन बाहेर पडणारी माणसं त्यांना लागतातच. जमलं तर एकदा म्हसवडचं माणदेशी तरंग किंवा बारामतीचं वसुंधरा वाहिनी ऐका. टँकर कधी येतो, शेळीला काय झालंय, बचत गटाचं कर्ज कसं फेडलं, हे बायका स्वतः बोलतात. सरकारदरबारी ही 'बातमी' नाही. मला विचाराल तर माणदेशातली पत्रकारिता ती हीच.

तुमच्या हातात सुट्टी असेल, तर रोज एक सरकारी पत्रक घ्या आणि कानासाठी चार वाक्यांत लिहा. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बसतात, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. स्टुडिओ नसला तरी डोक्यावर गोधडी घेऊन फोनवर रेकॉर्ड केलं की घुमत नाही (मेमधे घाम निघतो, ते सोसायचं). कापाकापीला ऑडॅसिटी फुकट मिळतं. आणि मार्केट यार्डात पहाटे एकदा जाऊन नुसता आवाज रेकॉर्ड करून आणा, कुणाशी न बोलता. हमालांच्या आरोळ्या, लिलाव, ट्रकचे दरवाजे. घरी ऐकताना कळेल की निवेदन किती कमी लागतं. ती तीन मिनिटं कुठल्याही बायोडेटापेक्षा जास्त कामाची.

पोट भरेल का, हेही तुम्ही विचारलंय. नुसत्या रेडिओवर पहिली पाच वर्षं नाही. मी आज ऑडिओबुक आणि संस्थांसाठी पॉडकास्ट करतो, घरभाडं त्यातून निघतं, आणि तिथे मला घेतात ते कानासाठी लिहिता येतं म्हणून. आकाशवाणीच्या कॅज्युअलची जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, आली की अर्जाला दिवस थोडे असतात. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा. चाचणीच्या दिवशी मला मोठा उतारा वाचायला दिला होता, त्यात 'क्लिष्ट' आणि 'दृष्टिक्षेप' एकाच ओळीत होते. तेवढे दोन घोटून जा.