पशुवैद्यकाला विचारा : ‘यात अँटिबायोटिक नाही, बिनधास्त घाला’

प्रश्न : माझ्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरिणी आहेत. दूध तोडलं की पिल्लांना हगवण लागते. दुकानदार झिंकची पावडर देतो, म्हणतो, यात अँटिबायोटिक नाही, बिनधास्त घाला. गुण येतो. मग कायम घातली तर बिघडलं कुठे?
– एक वराहपालक, सावंतवाडी तालुका

उत्तर : गुण येतो, हे मलाही मान्य. खटकतं ते ‘बिनधास्त’.

काही जंतूंमध्ये जस्त (म्हणजेच झिंक) सोसण्याचं जनुक असतं, अँटिबायोटिकला दाद न देण्याचंही असतं. कधी कधी दोन्ही डीएनएच्या एकाच तुकड्यावर शेजारीशेजारी बसलेली असतात. खाद्यात जस्ताचा मारा झाला की जस्त सोसणारे जंतू तगतात आणि त्यांच्याबरोबर दुसरं जनुकही फुकटात तगतं. युरोपातल्या डुकरांमधल्या ‘एमआरएसए सीसी ३९८’ या, मेथिसिलिन गटाच्या अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या जंतूत नेमकं हेच सापडलं. मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या क्षाराचीही तीच गत. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या आतड्यातल्या एंटेरोकॉकस या जंतूत तांबं सोसणारं जनुक आणि व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारं जनुक एकाच प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) निघालं. ही औषधं माणसांच्या दवाखान्यात लागतात, एवढं लक्षात असू द्या.

युरोपीय संघाने वाढीसाठी अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं. दूध तोडल्यानंतर १४ दिवस झिंक ऑक्साइड मात्र चालू होतं, २५०० पीपीएम (दहा लाख भागांत २५०० भाग) जस्त, म्हणजे टनाला तीन किलोंहून थोडी जास्त पावडर. जून २०२२ पासून तेही थांबलं. आता तिथे पिल्लांच्या खाद्यात १५० पीपीएमच्या वर जस्त चालत नाही. जस्त बहुतेक शेणावाटे बाहेर पडतं आणि शेतात साठत जातं, हेही एक कारण होतं.

तुम्ही दूध कितव्या दिवशी तोडता, ते लिहिलेलं नाही. घाई असेल तर ती सोडा; सहा आठवडे होऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थोडा कोरडा खुराक पुढ्यात ठेवा, म्हणजे एकदम बदल होत नाही. सुरुवातीच्या खाद्यात प्रथिनं भरमसाट नकोत. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात कुजतं आणि हगवणीला तेच पुरतं. जमीन कोरडी हवी. आपल्या कोकणात पावसाळ्यात हे अवघड, पण फळ्यांचा माचा घातला तरी फरक पडतो.

हगवण लागलीच तर आधी मीठ-साखरेचं पाणी द्या आणि शेणाचा नमुना तपासायला पाठवा, औषध त्यानंतर. कोणी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देऊ केलं तर घेऊ नका; खाण्याच्या जनावरांसाठी ते आपल्या देशात जुलै २०१९ पासून बंद आहे.

आणि त्या पावडरीवर जस्ताचं प्रमाणच छापलेलं नसेल, तर पिशवी सरळ दुकानात परत करा.