ठाण्यात घोडबंदरला क्लिनिक घेतोयस? आधी हे बघ
अरे, नवीन टॉवरखालचा चकचकीत गाळा बघून लगेच टोकन देऊ नकोस. वस्ती तिकडे वाढतेय म्हणून नौपाडा सोडून घोडबंदरला जायचं हे बरोबरच आहे, पण टेप घेऊन जा आणि कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) स्वतः मोज. माझ्या पहिल्या जागेत एक आजी वॉकर घेऊन भर पावसात पायऱ्यांवर अडकल्या, दोघांनी उचलून वर आणलं, तेव्हापासून रॅम्प नसलेली जागा मी बघतच नाही. सोनोग्राफी ठेवणार असशील तर पीसीपीएनडीटीचं (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याचं) रजिस्ट्रेशन त्या पत्त्यावरच असतं, जागा बदलली की परत सगळी धावपळ, म्हणून ११ महिन्यांचा करार नकोच, निदान ५ वर्षांचा रजिस्टर्ड कर आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, मालकालाही लागू पाहिजे. ओसी, म्हणजे इमारतीचा भोगवटा दाखला, बघ. घोडबंदर रोडवरच्या मेट्रो ४ च्या नावाने भाडं वाढवून मागतील, तिथे ठाम रहा.