गुणोत्तरातलं ‘उत्तर’ कुठल्या प्रश्नाचं?

प्रश्न निपाणीकडच्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा आहे: सहावीच्या मुलांना ‘गुणोत्तर’ हा शब्द कसा फोडून सांगायचा, आणि गुणोत्तर व प्रमाण एकच का? सोबत एक किस्साही कळवलाय. १२ आणि ८ यांचं गुणोत्तर काढायला सांगितलं, तर एका पोराने फळ्यावर ९६ लिहिले. विचारलं तर म्हणाला, “गुणाकाराचं उत्तर म्हणजेच की गुणोत्तर!”

ही फोड त्या पोराच्या डोक्यातली नव्हे. शिकवणीत, गाईडांत, परवा तर एका चांगल्या पदवीधर गृहस्थांच्या तोंडून मी ती ऐकली. संधी बरोबर, अर्थ सपशेल चूक.

इथलं ‘उत्तर’ म्हणजे जबाब नव्हे, दिशाही नव्हे. ‘अष्टोत्तरशत’ आठवा: शंभर आणि वर आठ. उत्तर म्हणजे वरची भर. जुन्या गणितात श्रेढीच्या, म्हणजे ठरावीक रीतीने वाढत जाणाऱ्या आकड्यांच्या ओळीच्या, एका पदावरून पुढच्या पदावर जाताना जी भर पडते तिलाच ‘उत्तर’ म्हणत. आर्यभटाकडेही हाच शब्द आहे. २, ५, ८, ११ इथे उत्तर ३. ही वाढ मिळवून न होता गुणून होत असेल, तर ते गुणोत्तर. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि पुढे रोज ‘द्विगुणोत्तर’, म्हणजे आदल्या दिवसाच्या दुप्पट, द्यायचं कबूल करून बसतो. महिन्याचे निष्क (हे त्या काळचं मोठं नाणं) किती? तीस दिवसांच्या कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. एका निष्काच्या कवड्या २०,४८०, म्हणजे निष्क एक लाख चार हजारांच्या वर! दोन कवड्यांवरून माणूस असा धुऊन निघतो. मुलांना हे सांगून बघा, ‘गुणाकाराचं उत्तर’ पुन्हा कोणी म्हणणार नाही. (भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड म्हणजे आपलं विजापूर, असं म्हणणारे एकीकडे आणि चाळीसगावजवळचं पाटण म्हणणारे दुसरीकडे. बिचाऱ्यांचाही सीमाप्रश्न लोंबकळतोच आहे.)

आता ‘गुण’. गुण म्हणजे दोरी, दोरीचा पेड. कोशांत ‘दोरी’ एका ओळीत आणि ‘पट’ दुसऱ्या ओळीत, जणू दोघांची ओळखच नाही! माझं पक्कं मत आहे की द्विगुण, त्रिगुण यांतली पट दोरीतूनच आली. आमचे आजोबा बेंदराआधी ओसरीवर अंबाडीचा वाख घेऊन बसायचे. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, तळहातावर थुंकी, आणि पेडावर पेड चढायचा. दोन पेडी दोरी हाताला वेगळी लागते, तीन पेडी वेगळी. दोन पेड एकमेकांत वळले की ती ‘दोरी अधिक दोरी’ राहत नाही, ती दुहेरी होते. एक संस्कृतज्ञ स्नेही म्हणतात की ‘गुण’ म्हणजे आधी धर्म, वैशिष्ट्य, दोरीबिरी नंतरची. म्हणू देत. त्यांनी आयुष्यात दावं वळलेलं नाही.

‘कन्नड आणि हिंदीत अनुपात आहे, आपणही तोच घ्या, मुलांना सोपा जाईल’ असाही सल्ला इकडे मिळतो. अनुपातशी माझं वैर नाही. संस्कृत गणितात तो त्रैराशिकाच्या (तीन आकड्यांवरून चौथा काढायच्या रीतीच्या) अर्थाने नांदलेला भारदस्त शब्द आहे. पण त्यात ना दावं, ना कवड्या.

अरे हो, बाई, तुमचं प्रमाण राहिलंच. डोशाला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ. पाहुणे आले, तांदूळ सहा वाट्या झाले, डाळ दोन. फरक दोनाचा चार झाला, पण तांदूळ डाळीच्या तिप्पटच राहिला. ती तिप्पट म्हणजे गुणोत्तर, वाचायचं ‘तीनास एक’. आणि ३:१ व ६:२ ही दोन गुणोत्तरं सारखी निघाली, की ते चार आकडे प्रमाणात आहेत म्हणायचं. बोलताना आपण दोन्हींना सर्रास ‘प्रमाण’ म्हणतो. स्वयंपाकघरात म्हणा, वहीत नको.

आणि त्या ९६ वाल्या पोराला शून्य देऊ नका. शब्दाचा जो अर्थ त्याला सांगितला होता, त्याप्रमाणे गुणाकार त्याने बिनचूक केलाय.